गोधड्या धुवायचा घाट

बारामती,
१९ जुलै २०२४

अनिसा फुफीस सलाम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून हा कागद. तुमच्या वाडीतल्या गोकुळचा पेरूचा टेम्पो शनिवारी इथल्या मार्केटला येतो. त्याच्याबरोबर देतेय, उत्तरही त्याच्याचबरोबर पाठव.

आज माझं डोकं ठिकाणावर नाही. आमच्या कॉलेजात आता नवीन नियमाप्रमाणे मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा एक छोटा विषय घ्यावा लागतो. त्याला मायनर म्हणतात. माझं कॉमर्स आहेच. बाकीच्या मुलींनी जोडीला बँकिंग घेतलं, टॅक्सेशन घेतलं. मी 'सामुदायिक मनोरंजन व्यवस्थापन' घेतलं. तर अब्बांनी इंदापूरच्या दुकानात पाइप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "आमची शबीना आता टाइमपासची डिग्री करनार हाय." सगळी माणसं खो खो हसली. मी आत चहा ओतत होते. तो चहा त्यांच्या अंगावर ओतावासा वाटला. इकडे होस्टेलवर मुली विचारतात, तुमच्या परीक्षेला लगोरी असते की विटीदांडू.

अगं, यात हसण्यासारखं काय आहे? गावात मैदान असतं, तालीम असते, पार असतो, वाचनालय असतं. तिथं कोण येतं, कोण येऊ शकत नाही आणि का, ते शोधायचं. मग सगळ्यांना येता येईल अशी जागा कशी उभी करायची आणि चालवायची, ते शिकायचं. आपल्याकडे पुरुषांना क्रिकेटला माळ आहे, पत्त्यांना समाजमंदिराचा ओटा आहे, काहीच नाही तर चहाच्या टपरीवर बसून देश चालवायची सोय आहे. बाईला काय आहे? हे कुणी विचारलं की तो मात्र टाइमपास.

आम्हाला एकेक गाव घेऊन अभ्यास करायचाय आणि तिथं काय हवं त्याचा प्रस्ताव द्यायचाय. सगळ्यांत चांगला असेल तो एका कंपनीच्या सामाजिक निधीतून खरोखर बांधणार आहेत. मी तुझी वाडी घेतली. तर मला सांग, तुमच्या वाडीतल्या बायका करमणुकीसाठी काय करतात? खरं खरं लिही.

तुझी,
शबीना


वाडी,
३ ऑगस्ट २०२४

चि. शबीना,
तुला माझी आणि तुझ्या फुफांची दुवा.

तुझ्या अब्बाला, अमजदला, माझा निरोप दे. म्हणावं, दुकानाच्या गादीवर बसून दिवसभर पान चघळत राजकारण बोलतोस, त्याची डिग्री तुला कुणी दिली? लहानपणी शाळा चुकवून निरवांगीच्या बंधाऱ्यावर मासे पकडायला कोण जायचं तेही विचार. मोठी बहीण आहे मी त्याची. भ्यायचं कारण नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. करमणूक कसली घेऊन बसलीस, पोरी. पहाटे उठलं की गाईंच्या धारा, मग डेअरीला दूध, मग चूल, मग भेंडी तोडायला रान. भेंडीची कूस हाताला लागून रात्री झोप येत नाही. मी रानात जात नाही, तर शिलाई मशीनवर पाय मारून मारून माझ्या पोटऱ्यांचे दगड झालेत. आम्हाला मरायला सवड नाही. साऱ्या बायका एका जागी दिसतात त्या वर्षातून एकदाच, नवरात्राआधी नदीच्या घाटावर गोधड्या धुवायला. नवरात्र त्यांचं असलं तरी गोधड्या आमच्याही मळतात, म्हणून मीही जाते. पण त्याला करमणूक म्हणशील तर बघ. भिजलेली गोधडी एकदा उचलून दाखव. कंबर कामातून जाते. दिवसभर पाण्यात उभं राहून पाय पांढरेफटक पडतात. फार वाईट काम, कुणा दुश्मनालाही नको.

तुझे फुफा म्हणाले काय लिहितेस ते वाचून दाखव, म्हणून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनाही पटलं. दिवाळीच्या सुट्टीत ये, बाकीच्या बायकांशी बोल.

तुझी,
अनिसा फुफी


बारामती,
२१ नोव्हेंबर २०२४

फुफी, सलाम.

तुझ्या हातची खिचडी खाऊन आले आणि इथल्या मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही. पण त्याहून जास्त घशात अडकलंय ते तुमच्या वाडीत ऐकलेलं.

मी दारोदार फिरले. प्रत्येक बाईला विचारलं, रिकामा वेळ मिळतो का, त्यात काय करता. प्रत्येकीनं तेच सांगितलं, जवळपास तुझ्याच शब्दांत. "मरायला सवड न्हाय." शेजारी बसलेले नवरे आणि सासवा माना डोलवत होत्या, आणि उठून पाण्याचा तांब्या आणून द्यायला मात्र तिलाच सांगत होत्या. त्या म्हाताऱ्या धोंडाबाईंना विचारलं तर बाजेवर पडल्या पडल्या त्यांचा मुलगाच बोलला, "आमच्या म्हातारीला कसली आवड, तिला कामच ग्वाड लागतं." सत्तरीच्या बाईला काम गोड लागतं म्हणे. मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

घाटही पाहून आले. एवढी सुंदर जागा, दगडी पायऱ्या, चिंचेची सावली, आणि चिटपाखरू नाही. एक शेळी आणि तुटकी चप्पल. जागा पडून आहे आणि बायका मरमर मरतायत.

म्हणून माझा प्रस्ताव असा. एक, वाडीत गोधड्या धुवायचं मोठं मशीन, लॉन्ड्रीत असतं तसं, म्हणजे ते कंबर मोडणारं काम कायमचं बंद. दोन, घाटाला रेलिंग आणि दार, म्हणजे पाण्याचा धोका नाही. तीन, आत फिरायला फरशीची वाट, व्यायामाची लोखंडी साधनं, बाकडी. संध्याकाळी बायकांनी यावं, चालावं, बसावं. धोंडाबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बरं व्हईल बाई." बस्स, मला तेवढं पुरे आहे.

तुझी,
शबीना


वाडी,
१ डिसेंबर २०२४

शबीना,

मशीन आणा, हवं तर दोन आणा. पण घाटाला दार कशाला? इतकी वर्षं कुणी बुडालं नाही. दार आलं की कुलूप येतं. आणि कुलूप आलं की किल्ली कुणाच्या तरी कडदोऱ्याला जाते. तेवढं काढून टाक.

फुफी


बारामती,
९ मार्च २०२५

फुफी, सलाम.

माझाच प्रस्ताव निवडला. सगळ्या वर्गातून. कंपनीच्या मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवून 'संवेदनशील' असा शब्द वापरला. पेपरात चार ओळी आल्या. अब्बांनी ते कात्रण गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंय आणि पाइप घ्यायला आलेल्या प्रत्येकाला वाचायला लावतायत. टाइमपासची डिग्री आता कुणी म्हणत नाही.

दाराचं मी विचारलं होतं. सर म्हणाले, पाण्याजवळचं बांधकाम आहे, सुरक्षेशिवाय मंजुरीच मिळणार नाही. तू उगाच काळजी करतेस. किल्ली सरपंचांकडे असेल आणि ते चांगले आहेत, माझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

शबीना


वाडी,
१७ सप्टेंबर २०२५

शबीना,

ख्यालीखुशाली विचारत नाही. आज माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली आहे आणि ती तुझ्यावरच काढणार आहे.

काल आम्ही नेहमीप्रमाणे गोधड्यांची बोचकी ट्रॉलीत टाकून घाटावर गेलो. सगळ्या वाडीच्या बायका, लेकी, नव्या सुना, माहेरपणाला आलेल्या. भाकरी बांधून घेतलेल्या, ठेचा केलेला. तर दाराला कुलूप. आत तुझ्या व्यायामाच्या लोखंडी झोपाळ्यांवर चार तरुण पोरं मोबाईल बघत झुलत होती. त्यांना किल्ली कुणी दिली कोण जाणे. सरपंचाचा माणूस आला आणि आम्हाला हात जोडून म्हणाला, "आता हितं धुवायचं न्हाय, मावशे. साबणाचं पानी फरशीवर येतं. तुमच्यासाठीच तर मशीन आणलीया, तितं जावा." दारावर पाटी आहे, त्यावर तुझं नाव आहे. महिलांच्या विरंगुळ्यासाठी असं लिहिलंय. त्या पाटीखाली आम्ही सगळ्या महिला बोचकी घेऊन उन्हात उभ्या.

धोंडाबाई दाराला धरून खालीच बसली. उठेना. तिचा मुलगा मोटरसायकल घेऊन आला आणि म्हणाला, "आये, तुजं काम वाचवलंय सरकारनं आणि तू रडतीस कशापायी?" तिनं दार आणखी घट्ट धरलं. शेवटी आम्हीच तिला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं.

मग गेलो मशीनकडे. एका वेळी दोन गोधड्या मावतात. पाळीपाळीनं घरी निरोप येणार, तेव्हा जायचं, टाकून यायचं. ट्रॉली माघारी फिरली. भाकरी ज्यांनी त्यांनी आपापल्या घरी नेऊन खाल्ली.

मी तुला दार नको म्हणून लिहिलं होतं. तुला शिकलेल्या सरांचं ऐकायचं होतं. झालं समाधान?

अनिसा


बारामती,
२४ सप्टेंबर २०२५

फुफी,

तुझं पत्र वाचून मी रडले आणि मग मला भयंकर राग आला. तो तुलाच कळवतेय, कारण तूही तेच केलंस.

कुलूप लावलं त्या सरपंचांवर ओरड, हक्कानं ओरड. मीही फोन करून त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले संध्याकाळी बायकांसाठी उघडतो, पण येतंच कुणी नाही. पण गोधड्यांचं तू मला कशी बोलू शकतेस? 'फार वाईट काम, कुणा दुश्मनालाही नको', हे कुणी लिहिलं? कंबर कामातून जाते, पाय पांढरे पडतात, हे कुणी लिहिलं? मी तर तुझंच वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घातलं होतं. वाडीतल्या एकूण एक बाईनं मला तेच सांगितलं. मी तुमच्यावर विश्वास ठेवला हा माझा गुन्हा का? वर्षभर जे काम नको नको म्हणत होतात, ते बंद झालं तर दाराला धरून रडता. मग मला तेव्हा काय सांगितलंत? मी परकी होते का?

मला खरं काय ते लिही. नाहीतर लिहू नकोस.

शबीना


वाडी,
२ ऑक्टोबर २०२५

शबू,

हे पत्र मी शिलाई मशीनवर बसून लिहितेय. तुझे फुफा बाहेर गेलेत आणि हे त्यांना वाचून दाखवणार नाही. तूही कुणाला दाखवू नकोस.

तू परकी नव्हतीस. पण तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ते शेजारी बसलेले होते. दिवाळीत तू दारोदार फिरलीस तेव्हा प्रत्येकीच्या शेजारी कुणी ना कुणी बसलेलं होतं. त्यांच्यादेखत तू विचारलंस, बायांनो, मजा कधी करता? अगं येडे, असं कुणी सांगतं का?

आता ऐक. गोधड्या दुपारच्या आत धुवून होतात. त्या आम्ही सांगतो तेवढ्या जड नसतात, दोघींनी दोन बाजूंनी पीळ दिला की संपलं. पायऱ्यांवर टाकल्या की उन्हात लवकर वाळतातही. पण आम्ही घरी सांगतो की वाळायला दिवस मावळेल. मग तोवर आम्ही काय करतो, तर पाण्यात उतरतो. साडीचा काष्टा मारून. पोरींना उलट्या कळशीवर पोहायला शिकवतो. मी शिकले तिथंच, लग्न होऊन आले त्या वर्षी. घरात जिचा आवाज शेजारणीनं ऐकलेला नाही अशी सून तिथं भर नदीतून हाका मारते. आणि धोंडाबाई नकला करते. सरपंच कसा चालतो, तिचा मुलगा सुनेला कसा हाका मारतो, तुझे फुफा कसे घोरतात. हसून हसून पोटात कळ येते. मग जेवण, मग चिंचेखाली झोप. कुणी उठवायला नाही. वर्षात तेवढीच एक झोप अशी लागते.

माझ्या घरात दोन गोधड्या अशा आहेत की त्या कुणी पांघरतच नाही. मी त्या फक्त धुवायला नेते. बोचकं मोठं दिसावं म्हणून. प्रत्येक घरात अशा एकदोन आहेत, आणि कुठल्या ते आम्हा बायकांना माहीत आहे.

फिरायला चालले म्हटलं की घरातली माणसं विचारतात, कशाला? कुणाबरोबर? स्वयंपाक झाला का? गोधड्या धुवायला चालले म्हटलं की कुणी काही विचारत नाही. उलट ट्रॉली जोडून देतात. म्हणून घरी येताना आम्ही कण्हत येतो. ज्या दिवशी जास्त मजा झाली त्या दिवशी जास्त कण्हायचं. तुझी बाकडी कितीही चांगली असली तरी, संध्याकाळी बाकड्यावर जाऊन बसते असं घरी सांगणारी बाई आमच्या वाडीत अजून जन्मायची आहे.

खरं हवं होतं ना, ते हे.

तुझी फुफी


बारामती,
१२ ऑक्टोबर २०२५

फुफी, सलाम.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटलं. आधी मला लाज वाटली. मग हसू आलं. त्या न पांघरलेल्या गोधड्यांचं तर खूपच. आणि शेवटी राग आला तो अजून गेलेला नाही.

डिसेंबरात माझी तोंडी परीक्षा आहे. प्रस्तावाचं पुढे काय झालं याचा अहवाल मीच सांगायचाय. बाहेरचे परीक्षक असतील, कंपनीच्या मॅडम असतील, सरपंचांनाही बोलावलंय. घाटाचं दार उघडायचं की नाही हे त्याच अहवालावर ठरणार. मी तिथं उभी राहून सगळं सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही. पण सांगणार की या बायकांची करमणूक आधीच होती, त्यांनी स्वतः उभी केलेली, कुणाच्या निधीशिवाय चालवलेली. आमच्या पुस्तकातली सगळी तत्त्वं त्यात बसतात. वर्गात कुणालाच असं काही सापडलेलं नाही. मला पैकीच्या पैकी मिळतील, पण ते सोड. सांगायचं ते यासाठी की हे खोटं किती दिवस चालवायचं? हसायला आवडतं, पोहायला आवडतं, हे बाईनं कण्हत कण्हत का लपवायचं? चोरी केलीय का? पुरुष पत्ते खेळायला जाताना कधी म्हणतात का की पत्ते धुवायला चाललो?

शबीना


वाडी,
१९ ऑक्टोबर २०२५

शबू,

बोललीस ते सगळं खरं आहे. एकही शब्द खोडायला जागा नाही.

पण तू ते सांगशील आणि बारामतीला राहशील. सरपंच ते ऐकून वाडीत येईल आणि पारावर सांगेल. मग पुढच्या वर्षी घाट उघडा असेल, आणि धोंडाबाईचा मुलगा तिला म्हणेल, "खेळायला जायचं वय हाय का तुजं?" नव्या सुनांना तर उंबरासुद्धा ओलांडता येणार नाही. घाट मिळेल आणि दिवस जाईल.

इथं आम्ही आमच्या परीनं चालवलंय. मशीनमध्ये घातलेल्या जुन्या गोधड्यांचे टाके उसवले. बायकांपैकी कुणी ते पुन्हा घालीना. मशीन बायकांनी मागितलीच नव्हती, म्हणून आता धोंडाबाईनं पहिल्यांदा मुलापुढे बोचकं टाकलं. "मशीन तुमी आणली, तुमीच धुवून आणा." मग घरोघरी तेच सुरू झालं. ओल्या गोधड्या मोटरसायकलवर घालून नेताना पुरुषांच्या पँटी भिजतायत. बायका दारात उभ्या राहून बघतात आणि तोंडावर पदर धरतात. आता पारावर मशीनला शिव्या पडतात, हातानं धुतलेलं ते धुतलेलं म्हणतात. तेवढंच तुझ्या अहवालात घाल. बाकीचं तुझ्यापाशी ठेव.

तुझ्यावर माझी जबरदस्ती नाही. परीक्षा तुझी आहे.

फुफी


बारामती,
२३ डिसेंबर २०२५

फुफी, सलाम.

झाली परीक्षा. मी काय बोलले ते ऐक आणि मला दुवा दे, कारण दुसरं कुणी देणार नाही.

मी सांगितलं की मशीननं गोधड्यांचे टाके उसवतात, मळ निघत नाही, बायकांना हातानंच धुवायचंय, म्हणून घाट धुण्यासाठी उघडा ठेवावा आणि मशीन एखाद्या दवाखान्याला द्यावं. परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "यंत्रानं जो वेळ वाचला त्यात महिलांनी काय केलं?" मी म्हटलं, काही नाही. "त्यांना विरंगुळा नको आहे?" मी म्हटलं, "त्यांना काम हवंय, सर."

फुफी, हे वाक्य बोलताना माझी जीभ जळली. उत्तर माझ्या ओठावर होतं. कळशी, काष्टा, नकला, चिंचेखालची झोप, सगळं. समोर सरपंच पाय हलवत बसले होते. धोंडाबाई त्यांच्यासारखं कसं चालत असतील ते डोळ्यांपुढे आलं आणि मी गप्प राहिले. परीक्षक मॅडमकडे वळून इंग्रजीत म्हणाले की ग्रामीण स्त्रीला विरंगुळ्याची जाणीवच नसते, ती आधी निर्माण करावी लागते आणि ही विद्यार्थिनी त्यात कमी पडली. मॅडमनी मान डोलावली. त्यांना वाटलं मला इंग्रजी कळत नाही की काय कुणास ठाऊक. मला त्या टेबलावरचे पाण्याचे ग्लास एकेक करून फोडावेसे वाटत होते.

जेमतेम पास केलंय. सगळ्या विषयांत चांगले मार्क आणि मनोरंजनात काठावर. सरांनी बोलणं टाकलंय. अब्बांनी काचेखालचं कात्रण काढून टाकलं. म्हणतात, "झाला तुजा ख्योळ. आता सुट्टीत वाडीला जायाचं न्हाय का कुठं जायाचं न्हाय. घरी बसायचं." मी रडले नाही. भांडलेही नाही. भांडायला खरं सांगावं लागलं असतं.

सरपंच जाताना म्हणाले घाटाचं कुलूप काढतो, पुरुषांनीच त्यांच्यामागे लकडा लावलाय. निदान तेवढं झालं. पण मी तुझं म्हणणं मान्य केलं म्हणून मला ते पटलं असं समजू नकोस. मला अजूनही राग आहे. तो कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून तुलाच लिहिते.

शबीना


वाडी,
५ फेब्रुवारी २०२६

चि. अमजदमिया,
मोठ्या बहिणीची दुवा.

रमजान तोंडावर आला आहे आणि माझ्या घरच्या गोधड्या अजून धुवायच्या राहिल्या आहेत. नवरात्रात त्या मशीनच्या भानगडीत कुणाचंच धुणं धड झालं नाही, त्यामुळे यंदा सगळ्या वाडीनं येत्या रविवारी घाटावर जायचं ठरवलं आहे. बंधाऱ्याला पाणी चांगलं आहे. माझं वय झालं, कंबर धरते, एवढा पसारा एकटीनं ओढवत नाही. हाताखाली कुणीतरी हवं.

तरी शबीनाला शनिवारीच इकडे पाठवून दे. गोकुळचा टेम्पो दुपारी तुझ्या दुकानावरून येईल. नुसती पुस्तकं वाचून त्या पोरीच्या हाताला कामाची सवय राहिलेली नाही, हे मी तुला आधीही बोलले आहे. उद्या सासरी गेली तर लोक मलाच नावं ठेवतील की फुफी असून काही शिकवलं नाही. परीक्षेत जे झालं ते त्यामुळेच. चार गोधड्या बडवल्या की ताळ्यावर येईल. लाड करू नकोस, नाही म्हणाली तरी पाठव.

जुने कपडे दे, दोन जोड जास्त दे, ओले होतात. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाण्यात उभं राहावं लागेल. फार कष्टाचं काम आहे, तुला लहानपणापासून ठाऊकच आहे. पोरगी घरी येईल तेव्हा अंग मोडून आलेली असेल, नीट बोलणारही नाही. तिला काही विचारू नकोस, झोपू दे.

तुझी बहीण,
अनिसा